डासाच्या लाळेतील प्रथिने : चावा एकाला नुसता खाजतो आणि दुसऱ्याचा डोळा का मिटतो?

गिरणाकाठ

गेल्या वर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माझी धाकटी बहीण तिच्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन रावेर तालुक्यातील आमच्या माहेरी आली होती. मुलगा थंड देशात वाढलेला आहे. त्याआधीच्या दिवाळीत तो पहिल्यांदा इकडे येऊन गेला, तेव्हा डासांनी त्याला भरपूर फोडूनही अंगावर साधा ठिपका उठला नव्हता, आणि पोराचे रक्त डासाला मानवत नसावे असे म्हणून आम्ही सगळे निर्धास्त झालो होतो. आखाजीच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र तो दुपारी ओसरीवर कूलरसमोर झोपला आणि तीन वाजता उठला, तेव्हा त्याच्या पापणीवर डाळीएवढा लाल ठिपका होता. सहा वाजता पापणी फुगली, आणि रात्री पाने वाढेपर्यंत तो डोळा पूर्ण मिटला. अंगही कोमट लागत होते. आईने "काही नही व्हयेल, मच्छर चावेल शे" म्हणून धीर दिला, परंतु बहिणीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका दवाखान्यात त्याला संसर्ग झाल्याचे सांगून पाच दिवसांची प्रतिजैविके देण्यात आली. चौथ्या दिवशी सूज उतरली, आणि ती औषधानेच उतरली असे आम्ही धरून चाललो. पुढच्या आठवड्यात कानाची पाळी सुजली, पुन्हा तेच औषध झाले. तिसऱ्या वेळी मनगट सुजू लागले, तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तासातासाची नोंद ठेवली, सुजेच्या कडेने बॉलपेनाने रेघ ओढली, आणि तो कागद घेऊन आम्ही जळगावला एका बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी नोंद शांतपणे वाचली, पोराचे मनगट दाबून पाहिले, आणि हे डासाच्या लाळेचे वावडे आहे, प्रतिजैविकाची गरज नाही, असे सांगितले. त्या वेळीही सूज चौथ्या दिवशीच उतरली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. डास रक्त पितो आणि रोग पसरवतो एवढे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले, पण त्याच्या लाळेत काय असते याकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. या वर्षभरात जे वाचले आणि समजून घेतले, ते इथे मांडते, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अशी सुजलेली पोरे घरोघरी दिसतात आणि त्यांना विनाकारण औषधे दिली जातात.

चावते ती फक्त मादी, कारण अंडी पोसण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. तिची सोंड ही एकच सुई नसून एका म्यानात बसवलेल्या सहा बारीक सळ्यांचा जुडगा असतो, आणि त्यात रक्त ओढण्याची वाट वेगळी व लाळ सोडण्याची वाट वेगळी असते. आपल्या कातडीखाली सोंड शिरली की शरीर तीन गोष्टी ताबडतोब करू पाहते : प्लेटलेट (रक्तातील, जखम बुजवणाऱ्या बारीक पेशी) गोळा करून भोक बुजवणे, रक्तवाहिनी आकसून घेणे आणि रक्त गोठवणे. मादीला पोट भरण्यासाठी दोन-तीन मिनिटे तरी लागतात, आणि तेवढ्या वेळात या तिन्ही गोष्टी होऊ नयेत याची सगळी तजवीज तिच्या लाळेत असते. या लाळेत शंभराहून अधिक प्रथिने सापडली आहेत.

दिवसा चावणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाचा अभ्यास सर्वांत जास्त झालेला आहे. ज्या प्रथिनांमुळे वावडे होते त्यांना जगभर ठरावीक पद्धतीने नावे देतात : प्रजातीच्या लॅटिन नावातील पहिली अक्षरे आणि पुढे क्रमांक. त्यानुसार 'एड ए १' हे अपायरेज नावाचे विकर (एन्झाइम) आहे. जखमी पेशींतून बाहेर पडणारा एडीपी हा पदार्थ प्लेटलेटना हाक मारण्याचे काम करतो, आणि हे विकर त्या हाकेचाच निकाल लावते. 'एड ए २' हे डी-७ या कुळातील प्रथिन हिस्टामीन, सेरोटोनिन यांसारखे रेणू पकडून ठेवते. 'एड ए ३' कोलॅजेन या कातडीतील धाग्यांसारख्या प्रथिनाला चिकटते आणि प्लेटलेटना तिथे बसू देत नाही. 'एड ए ४' हे मात्र साखर पचवणारे विकर आहे. त्याचा रक्ताशी काहीही संबंध नाही, ते फुलांतील मधुरसासाठी असते आणि रक्त न पिणाऱ्या नराच्या लाळेतही असते. मादी चावते तेव्हा तेही बाकीच्यांबरोबर आपल्या अंगात येते आणि त्याचेही वावडे होते.

या सर्वांत डी-७ ने मला सर्वाधिक विचारात पाडले. हिस्टामीन म्हणजे खाज आणि गांधी उठवणारा रेणू. मादी रक्त पीत असताना आपल्याला खाज सुटून आपण हात मारू नये, यासाठी हे प्रथिन हिस्टामीनला धरून ठेवते. पण ज्याच्या शरीराने हे प्रथिन एकदा ओळखून त्याविरुद्ध आयजीई ही वावडे घडवणारी प्रतिपिंडे तयार केली, त्याच्या कातडीतील, हिस्टामीन साठवणाऱ्या मास्ट पेशींवर ती प्रतिपिंडे आधीच बसलेली असतात, आणि पुढच्या चाव्यात हेच प्रथिन त्यांना भिडले की मास्ट पेशी फुटल्यासारख्या रित्या होऊन हिस्टामीन ओततात. रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि पापणीसारख्या सैल कातडीच्या जागी ते पाणी भराभर साठते. म्हणूनच त्याच पोराच्या पोटरीला दुपारी उठलेली गाठ रुपयाएवढी राहिली आणि डोळा मात्र मिटला. त्यासाठी लागलेली लाळेतील प्रथिने मायक्रोग्रॅममध्ये मोजावी लागतील इतकी थोडी असतात.

सातपुडा_पायथा

ताई, आपण फार व्यवस्थित लिहिले आहे. माझी यावल तालुक्यात केळी आहे आणि शेतीची वीज रात्रीची असल्याने वर्षातील निम्म्या रात्री मी बागेत पाणी भरायला असतो. केळीच्या बागेत रात्री डासांची काय दशा असते हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल, अक्षरशः मानेवर हात फिरवला की हाताला चार लागतात. तरीही मला गाठ येत नाही, सूज येत नाही, घटकाभर चुणचुण होते आणि संपते. पुण्याला नोकरीला असलेला माझा पुतण्या मात्र एक रात्र माझ्याबरोबर बागेत आला तर दुसऱ्या दिवशी त्याचे दोन्ही हात सुजलेले होते. आम्ही त्याला शहरात राहून नाजूक झालास असे म्हणालो. त्यात काही तथ्य आहे का?

गिरणाकाठ

दादा, नाजूक हा शब्द मी वापरणार नाही, कारण त्यात त्याचा काही दोष नाही. पण शहरात राहण्याशी त्याचा संबंध नक्की असू शकतो.

केनेथ मेलानबी या इंग्लंडमधील कीटकशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये माणसाच्या शरीराची चाव्यांशी ओळख कशी टप्प्याटप्प्याने होत जाते ते मांडले. ज्याला त्या जातीचा डास आयुष्यात कधीच चावलेला नाही, त्याला पहिल्या चाव्यांना काहीच होत नाही. काही काळ चावे बसत गेले की दुसऱ्या दिवशी उठणारी खाजरी गाठ सुरू होते. त्यानंतरच्या पायरीवर चावताच उठणारी गांध आणि दुसऱ्या दिवशीची गाठ, दोन्ही येतात. आणखी पुढे फक्त तत्काळची गांध उरते, आणि वर्षानुवर्षे चावे खाल्लेल्या माणसाला शेवटी पुन्हा काहीच होत नाही. माझा भाचा दिवाळीत पहिल्या पायरीवर होता. त्या वेळी आम्हाला जे त्याचे सुदैव वाटले, ती त्याच्या शरीराची केवळ अनोळख होती. आखाजीला आला तेव्हा ओळख पटलेली होती. आपण स्वतः बहुधा शेवटच्या पायरीवर आहात आणि आपला पुतण्या मधल्या कुठल्या तरी पायरीवर आहे. सतत चावे बसणाऱ्यांच्या रक्तात वयाबरोबर लाळेविरुद्धच्या आयजीईचे प्रमाण उतरत जाते, असेही आढळले आहे.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही प्रथिने निरनिराळ्या डासांत सारखी असतात, तर काही त्या त्या जातीचीच असतात. रात्री बागेत चावणारे क्युलेक्स आणि ॲनोफिलिस आपल्याला सवयीचे झाले म्हणून दिवसा घरात चावणारा एडिसही तितकाच सवयीचा झाला असेल असे धरता येत नाही.

सातपुडा_पायथा

हे अगदी बरोबर असावे, कारण दुपारी घरात पायाला चावलेला डास मला अजूनही खाजतो. आपण सांगेपर्यंत मी याचा कधी विचार केला नव्हता. पुतण्यालाही हे वाचायला पाठवतो.

पांझराकाठ

मी धुळे जिल्ह्यात तीस वर्षांहून अधिक काळ लहान मुलांना तपासले आहे, त्यामुळे गिरणाकाठ यांच्या कॅलेंडरवरील नोंदीबद्दल मला मनापासून लिहावेसे वाटते. या विषयातील जवळजवळ सगळे निदान वेळेत दडलेले असते आणि नेमकी तीच माहिती पालकांकडून मिळत नाही. पालक सांगतात, "काल सुजले." चावा केव्हा बसला आणि सूज केव्हा सुरू झाली, हे कोणी पाहिलेले नसते.

चाव्यानंतर काही तासांतच मोठी लाल, गरम, खाजरी सूज येणे आणि सोबत थोडा ताप असणे, याचे वर्णन कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठातील एस्टेल सायमन्स आणि झिकांग पेंग यांनी १९९९ मध्ये केले आणि त्याला 'स्कीटर सिंड्रोम' हे नाव दिले. स्कीटर हा तिकडे डासासाठी बोलीतला शब्द आहे. ही सूज दिसायला हुबेहूब जिवाणूंच्या संसर्गासारखी दिसते, कारण लाली, उष्णता, सूज आणि दुखणे ही चारही लक्षणे दोन्हींत असतात. परंतु जिवाणूंना कातडीत शिरून वाढायला वेळ लागतो. संसर्ग बहुधा चाव्यानंतर काही दिवसांनी, पोराने खाजवून खाजवून कातडी सोलल्यावर होतो. त्यात खाजेपेक्षा ठणका जास्त असतो, लाली रोज पुढे सरकते, पू दिसतो किंवा तांबडी रेघ वर चढते. ताईंनी बॉलपेनाने ओढलेली कडेची रेघ याच कारणासाठी मोलाची आहे. लाली रेघ ओलांडून दिवसेंदिवस पुढे जात असेल आणि ताप चढत असेल तर ताबडतोब दाखवावे, आणि त्या वेळी प्रतिजैविक लागेलच, ते नाकारू नये.

ताईंना पहिल्यांदा मिळालेले औषध चुकीचे होते असे मला दुरून म्हणायचे नाही. डोळ्याजवळची सूज पाहून कोणताही डॉक्टर सावध होतो आणि व्हायलाच हवा. परंतु दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तोच प्रकार त्याच वेगाने घडतो तेव्हा कोणीतरी थांबून विचारायला हवे, आणि ते विचारणे पालकांनी केले तरी हरकत नाही.

आणखी एक शंका पावसाळ्यात माझ्याकडे हमखास येत असे. दुपारी डास चावला, रात्री ताप आला, म्हणजे डेंग्यू झाला का? डेंग्यूचा ताप चाव्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी येतो. त्यामुळे दुपारच्या चाव्याचा डेंग्यू त्याच रात्री येत नाही. अर्थात त्याआधीच्या आठवड्यातील चाव्याचा तो असू शकतो, म्हणून सूज उतरूनही ताप राहिला तर रक्त तपासावे.

उपचारांत थंड पाण्याची पट्टी, खाज कमी करणारे सेटिरिझिनसारखे फारशी झोप न आणणारे औषध आणि कातडीवर लावायचे सौम्य स्टिरॉइड मलम एवढ्यावर बहुतेक मुले बरी होतात. ज्यांना दर हंगामात मोठी सूज येते त्यांना सेटिरिझिन आधीपासून दिल्याने गांध आणि खाज दोन्ही कमी होतात, असे फिनलंडमधील अभ्यासांत दिसले आहे. मात्र वय आणि वजन पाहून मात्रा आपल्या डॉक्टरांनीच ठरवावी. आणि जी गोष्ट क्वचित घडते पण विसरता कामा नये ती अशी : चाव्यानंतर थोड्याच वेळात सर्वांगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वासाला घरघर लागली, उलट्या झाल्या किंवा मूल गळून गेले, तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये. त्या क्षणी ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन मिळेल अशा जवळच्या रुग्णालयात न्यावे.

वाघूरचे_पाणी

आमच्याकडे चाव्यावर ओला चुना लावण्याची पद्धत आहे आणि त्याने खाज थांबते असा अनुभवही आहे. लहान मुलांना लावावा का?

पांझराकाठ

कृपा करून लावू नये. चुना दाहक आहे, त्याने कोवळी कातडी भाजते, आणि भाजण्याच्या आगीत खाज जाणवेनाशी होते म्हणून आराम पडल्यासारखा वाटतो. चाव्याभोवती चुन्याने भाजलेली पांढरी गोल जखम घेऊन आलेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत, आणि संसर्ग झाला तर तो याच जखमेत होतो. थंड पाण्याचा कपडा त्याहून चांगला.

नवापूर_वेस

माझ्या मुलीलाही असाच त्रास आहे. हे वावडे नेमके डासाचेच आहे, हे रक्ताच्या किंवा कातडीच्या तपासणीत कळते का? आणि दुसरा प्रश्न असा की तिला सुकट खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते. या दोन्हींचा काही संबंध असेल का?

गिरणाकाठ

पहिल्या प्रश्नात बरीच अडचण आहे. बाजारात मिळणारा तपासणीचा अर्क पुष्कळदा अख्खे डास वाटून काढलेला असतो. त्यात डासाच्या स्नायूंची, आतड्याची, पंखांची प्रथिने भरमसाट असतात आणि लाळेतील प्रथिने नाममात्र असतात. आपल्या शरीरात तर फक्त लाळ जाते. त्यामुळे अशा तपासणीत ज्याला वावडे आहे त्याचे सुटून जाऊ शकते आणि ज्याला नाही त्याचे उगाच दिसू शकते. वावडे लाळेचेच असते हे १९६० च्या सुमारास एका नाजूक प्रयोगात दिसून आले होते. संशोधकांनी डासांच्या लाळेची नळी कापली. ते डास तरीही चावू आणि रक्त पिऊ शकले, पण त्यांच्या चाव्यांना गांध उठली नाही.

शुद्ध लाळ मिळवायची तर एकेका मादीचे पंख-पाय काढून तिची सोंड तेल भरलेल्या केसासारख्या काचनळीत अडकवावी लागते. मग ती थोडी थोडी लाळ सोडते, आणि तेलात तिचे न दिसण्याइतके बारीक थेंब जमतात. एका रुग्णाच्या तपासणीपुरती लाळ जमवायलाही किती डास लागत असतील याची कल्पना करावी. म्हणूनच विनिपेगमधील त्याच मॅनिटोबा विद्यापीठाच्या गटाने ही प्रथिने बनवणारी जनुके कीटकांच्या पेशींत घालून प्रयोगशाळेतच शुद्ध प्रथिने तयार केली. त्यांच्या आधारे होणारी तपासणी नेमकी असते, परंतु ती आपल्याकडे कोणत्याही प्रयोगशाळेत सहज होईल अशी नाही. आपल्या मुलीच्या बाबतीत नीट ठेवलेली नोंद हीच आज सर्वांत उपयोगी तपासणी आहे.

दुसरा प्रश्न फार चांगला आहे. स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते आणि ते कोळंबी, सुकट, झुरळ, धुळीतील सूक्ष्म किडे आणि डास या सर्वांत एकमेकांशी पुष्कळ मिळतेजुळते असते. डासाच्या अशा प्रथिनाला 'एड ए १०' असे नाव आहे. त्यामुळे अख्ख्या डासाच्या अर्काची तपासणी केली तर सुकटीचे वावडे असलेली मुलगी डासालाही वावडी ठरू शकते. तोंडाची खाज मात्र स्वतंत्रपणे डॉक्टरांना सांगावी आणि तोवर सुकट बंद ठेवावी.

पांझराकाठ

या शेवटच्या वाक्याला माझा दुजोरा आहे. खाण्याने तोंडाला सुटणारी खाज किरकोळ समजू नये.

सातपुडा_पायथा

सगळे वाचून काल घरातला कूलर उघडला, कारण ताईंच्या लिखाणात पोरगे कूलरसमोर झोपले होते ही गोष्ट मनात राहिली होती. आमच्याकडे नळाचे पाणी काही दिवसांनी येते, त्यामुळे टाकी, पिंप, रांजण सगळे भरून ठेवलेले असते आणि कूलरमधले पाणी संपेपर्यंत कोणी बदलत नाही. टाकीत वळवळणाऱ्या अळ्या होत्या, त्या मी ओतून दिल्या. तेवढे पुरेसे आहे का?

गिरणाकाठ

दादा, अळ्या गेल्या, पण अंडी अजून तिथेच असण्याची शक्यता आहे. एडिसची मादी अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, ओलसर भिंतीवर एकेक करून चिकटवते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी भरताच फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या उन्हाळ्यात साधारण आठवडाभर लागतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात. टाकी रिकामी करून आतून, विशेषतः पाण्याची रेघ उमटलेली असते तिथे, काथ्याने किंवा ताठ ब्रशने जोर लावून घासावी, कूलरचे जुने गवत काढून टाकावे, आणि धुतलेले पाणी नालीत न ओतता उन्हातल्या कोरड्या मातीवर टाकावे. रांजणाला कापड घट्ट बांधावे. जे हौद रिकामे करता येत नाहीत त्यांत गप्पी मासे सोडावेत.

सातपुडा_पायथा

आज सकाळी घासले. पत्र्यावर पाण्याच्या रेघेच्या बोटभर वर, ओळीने, खसखशीहून बारीक काळे ठिपके होते. इतकी वर्षे मी त्यांना गंज समजत होतो. नखाने खरवडले तर ते बोटाला चिकटून आले. बायकोला आणि शेजारच्या दोन घरांना बोलावून दाखवले, आणि दुपारपर्यंत आमच्या गल्लीतले पाच कूलर अंगणात उलटे पडलेले होते.